सुट्ट्या पैशांचा दुष्काळ आणि दुकानदारांची टांकसाळ

अमेरिकेतील यादवी युद्धात चांदीची आणि तांब्याची नाणी बाजारातून नाहीशी झाली, तेव्हा किराणा दुकानदार, बेकरीवाले आणि मद्यालयांचे मालक यांनी स्वतःच 'पैसे' पाडले. सुमारे दोन वर्षे हे खासगी बिल्ले लोकांच्या खिशात खुळखुळले. ते का आले, कसे चालले आणि कायद्याने बंद का करावे लागले, याचा हा मागोवा.

'सुट्टे नाहीत, गोळी घ्या,' हे वाक्य एके काळी शहरातील प्रत्येक ग्राहकाच्या परिचयाचे होते. रुपया-दोन रुपयांच्या बदल्यात चॉकलेट किंवा पेपरमिंट हातावर ठेवण्याची ही पद्धत मोबाइलवरून पैसे देण्याची सोय झाल्यापासून मागे पडली. गोळी देणाऱ्या दुकानदाराकडून ती पैसे म्हणून परत घेतली जात नसे, हा तिच्यातील मुख्य दोष. अमेरिकेतील दुकानदारांनी 1862 नंतर ग्राहकांच्या हातावर जे ठेवले, ते मात्र गोळीपेक्षा बरेच टिकाऊ होते. ते चक्क नाण्यासारखे दिसणारे, नाण्याच्याच आकाराचे तांब्याचे बिल्ले होते आणि त्यांवर राष्ट्राच्या नावाऐवजी दुकानाचे नाव कोरलेले होते.

एप्रिल 1861 मध्ये फोर्ट सम्टरवर तोफा डागल्या गेल्या आणि उत्तर व दक्षिण अमेरिकेत युद्ध पेटले. हे युद्ध काही महिन्यांत आटोपेल, असा दोन्ही बाजूंचा समज होता. तो लवकरच खोटा ठरला. सैन्य, शस्त्रे, रसद या साऱ्यांसाठी उत्तरेकडील सरकारला अफाट पैसा हवा होता. अर्थमंत्री सॅल्मन चेस यांनी बँकांकडून सोन्याच्या रूपात कर्जे उचलली. लोकही घाबरून बँकांतील सोने काढू लागले. अखेर डिसेंबर 1861 च्या शेवटी न्यूयॉर्कच्या बँकांनी नोटांच्या बदल्यात सोने-चांदी देणे थांबविले. फेब्रुवारी 1862 मध्ये सरकारने सोन्याचा आधार नसलेल्या नोटा काढल्या. त्यांच्या मागच्या बाजूच्या हिरव्या शाईवरून लोक त्यांना 'ग्रीनबॅक' म्हणू लागले. कायद्याने त्या चलन ठरल्या. पण युद्धाच्या बातम्या जसजशा वाईट येऊ लागल्या, तसतसा त्यांचा भाव सोन्याच्या तुलनेत उतरू लागला. जुलै 1864 मध्ये तर सोन्याचा एक डॉलर घेण्यासाठी अडीचहून अधिक कागदी डॉलर मोजावे लागत होते.

सोन्याची नाणी दडविली जाणार, हे उघडच होते. त्याने सामान्य माणसाचे फारसे बिघडत नव्हते, कारण सोन्याचे नाणे त्याच्या हाती क्वचितच येई. खरा घाला पडला तो चांदीच्या चिल्लरीवर. येथे थोडा तपशील आवश्यक आहे. अमेरिकेने 1853 मध्ये अर्धा डॉलर, पाव डॉलर, दहा सेंट अशा लहान चांदीच्या नाण्यांचे वजन सुमारे सात टक्क्यांनी घटविले होते. नाण्यातील चांदीची किंमत त्याच्या दर्शनी किमतीपेक्षा कमी राहावी, म्हणजे कोणी ते वितळवणार नाही आणि परदेशीही पाठवणार नाही, हा त्यामागील हिशेब. शांततेच्या काळात तो बरोबर ठरला. परंतु कागदी डॉलरची घसरण या लहानशा संरक्षक फरकापलीकडे गेली, त्या क्षणी हिशेब उलटला. कागदी डॉलर देऊन चांदीची चिल्लर गोळा करायची आणि ती कॅनडात किंवा लॅटिन अमेरिकेत नेऊन विकायची, यात सरळ नफा होता. जून-जुलै 1862 च्या काही आठवड्यांत उत्तरेकडील शहरांतून चांदीची चिल्लर जणू झाडून नेल्यासारखी नाहीशी झाली.

आता राहिला तो एक सेंट. हे नाणे 88 टक्के तांबे आणि 12 टक्के निकेल यांच्या मिश्रणाचे, वजनाने 4.67 ग्रॅम. त्यातील धातूची किंमत एका सेंटपेक्षा कमीच होती, त्यामुळे वितळवून कोणाचा लाभ होणार नव्हता. तरीही ते नाहीसे झाले. युद्धापूर्वी या सेंटची इतकी रेलचेल होती, की दुकानदार ते घेताना कुरकुर करीत. तेच आता पिशव्यांत भरून, वर्ताळा देऊन विकले जाऊ लागले. चांदी गेल्यावर मोड म्हणून दुसरे काही उरलेच नव्हते आणि ज्याच्याकडे सेंट आहेत त्याचेच दुकान चालेल, अशी स्थिती होती. त्यामुळे जो तो हाती आलेला सेंट सोडेना. टंचाईच्या भीतीने टंचाई वाढते, याचे याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. टांकसाळीने 1862 मध्ये दोन कोटी 80 लाख आणि 1863 मध्ये जवळजवळ पाच कोटी सेंट पाडले, तरी बाजाराची तहान भागली नाही.

ज्या शहरात ट्रामचे भाडे, वर्तमानपत्र, बिअरचा पेला, पावाची लादी या साऱ्यांचा व्यवहार काही सेंटांत होतो, तेथे सेंटच नसेल तर काय होते, याची कल्पना करणे अवघड नाही. मजुराला आठवड्याचा पगार नोटांत मिळे. ती नोट मोडायची कशी? पावासाठी डॉलरची नोट पुढे केली, तर दुकानदार एक तर माल नाकारी किंवा उरलेली रक्कम खात्यावर लिहून ठेवी. म्हणजे गरीब ग्राहक दुकानदाराला सक्तीने उसने देऊ लागला. युद्धाची झळ रणांगणापासून शेकडो मैल दूर असलेल्या घराच्या फडताळापर्यंत पोहोचली ती अशी.

तिकिटे खिशात चिकटली

प्रथम लोकांनी पोस्टाच्या तिकिटांचा आसरा घेतला. तिकिटावर किंमत छापलेली असते, ते सरकारी असते आणि सर्वांना चालते. युक्ती नामी होती. पण तिकिटाच्या मागे डिंक असतो. उन्हाळ्याच्या घामात ती एकमेकांना आणि पाकिटाला चिकटत, मळत, फाटत. सरकारने 17 जुलै 1862 च्या कायद्याने तिकिटांना सरकारी देण्यासाठी मान्यता दिली. त्यानंतर कोषाध्यक्ष फ्रान्सिस स्पिनर यांच्या कल्पनेतून तिकिटांचीच चित्रे छापलेल्या, डिंक नसलेल्या 5, 10, 25 आणि 50 सेंटांच्या चिमुकल्या नोटा ऑगस्टमध्ये बाजारात आल्या. 'पोस्टेज करन्सी' हे त्यांचे नाव.

जॉन गॉल्ट नावाच्या एका उद्योजकाने याच सुमारास, 12 ऑगस्ट 1862 रोजी, एक मजेदार पेटंट मिळविले. पितळेच्या गोल डबीत तिकीट ठेवायचे, वरून अभ्रकाची पारदर्शक चकती बसवायची आणि डबीच्या पाठीवर जाहिरात ठोकायची. कनेक्टिकटमधील वॉटरबरी येथील स्कोव्हिल कंपनीने या डब्या तयार केल्या. औषधी काढे विकणाऱ्यांपासून कापडाच्या मोठ्या दुकानांपर्यंत अनेकांनी आपली नावे त्यांवर कोरून घेतली. तिकीट टिकले, मोड मिळाली आणि जाहिरातही झाली. दोष एकच, तिकिटाच्या किमतीवर डबीचा खर्च वाढे. शिवाय सरकारी लहान नोटा आल्यावर त्यांची निकड संपली. मात्र नाण्याच्या जागी फिरणारी वस्तू जाहिरातीचे उत्तम साधन होऊ शकते, हे व्यापाऱ्यांच्या ध्यानात आले ते येथेच.

पाच सेंटांच्या खालची अडचण यांतून सुटली नव्हती. एक सेंटची नोट छापण्यात अर्थ नव्हता. तेथेच खासगी बिल्ल्यांना वाट मिळाली.

बिल्ल्यांचा धंदा

ओहायोतील सिनसिनाटी आणि आसपासच्या पश्चिमेकडील शहरांत 1862 च्या अखेरीस असे बिल्ले दिसू लागले. इंडियानातील मिशावाका गावच्या एच. डी. हिगिन्स यांचे नाव आरंभीच्या कारागिरांत घेतले जाते. पुढे सिनसिनाटीचे जॉन स्टँटन, डब्ल्यू. के. लॅन्फिअर, शिकागोचे शुबेल चाइल्ड्स, न्यूयॉर्कचे एमिल सिगेल अशा ठसे कोरणाऱ्यांच्या कार्यशाळा रात्रंदिवस चालू लागल्या. सर्वाधिक बिल्ल्यांवर 1863 हे साल आढळते. सारे मिळून किमान अडीच कोटी बिल्ले पाडले गेले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांचे प्रकार दहा हजारांहून अधिक भरतात.

इतके प्रकार होण्याचे कारण धंद्याच्या पद्धतीत आहे. ठसे कोरणाऱ्याकडे मागच्या बाजूसाठी तयार ठशांचा साठा असे. गरुड, ध्वज, तोफ, मुकुट घातलेली स्वातंत्र्यदेवता, बिअरचा पेला अशी ती चित्रे असत. दुकानदाराने फक्त पुढच्या बाजूसाठी आपले नाव, पत्ता आणि धंदा सांगायचा. लग्नपत्रिकेच्या छापखान्यात गणपतीचे चित्र तयार असते आणि वधू-वरांची नावे तेवढी बदलतात, तसाच हा प्रकार. ठोक मागणी नोंदवली की हजारांच्या हिशेबाने बिल्ले मिळत. किराणा, औषधे, बूट, मांस, दंतवैद्यक, मद्य, एवढेच काय, अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्यांनीही आपले बिल्ले काढले. जर्मनीतून आलेल्या स्थलांतरितांचा या दुकानदारांत मोठा भरणा होता.

यात दुकानदाराचा फायदा तिहेरी होता. मोड हाती आल्याने विक्री अडत नसे. नाव गावभर फिरे. तिसरा फायदा उघडपणे कोणी बोलत नसे, पण तोच सर्वांत मोठा होता. बिल्ला तयार करायला एका सेंटपेक्षा बराच कमी खर्च येई आणि तो ग्राहकाला दिला जाई एक सेंट म्हणून. मधला फरक दुकानदाराच्या गल्ल्यात. सरकारला नाणी पाडण्यातून जो नफा मिळतो, तोच येथे बिअर विकणाऱ्याला मिळत होता. शिवाय जो बिल्ला हरवला किंवा परत आला नाही, त्याची परतफेड करण्याचा प्रश्नच नव्हता.

ग्राहकाने तो का घ्यावा? कारण शेजारचा पाववाला तो घेत होता. पाववाल्याने का घ्यावा? कारण त्याचा ग्राहकही मोड मागत होता. आकार सरकारी सेंटएवढाच, सुमारे 19 मिलिमीटर; रंग तांब्याचा; घाईच्या व्यवहारात कोण वाचत बसणार? काही बिल्ल्यांवर तर दुकानाचे नावही नसे. नुसता ध्वज आणि एखादी देशभक्तीपर ओळ. अशा 'देशभक्त' बिल्ल्यांची जबाबदारी कोणाचीच नव्हती, तरी तेही चालले.

या देशभक्त बिल्ल्यांकडे पाहिले, की त्या काळातील वृत्तपत्रांचे मथळे वाचल्यासारखे वाटते. 'आर्मी अँड नेव्ही' असा जयघोष, जॉर्ज वॉशिंग्टनचा मुखवटा, 1862 मध्ये गाजलेल्या 'मॉनिटर' या पोलादी युद्धनौकेचे चित्र. युद्ध सुरू होण्यापूर्वी जानेवारी 1861 मध्ये तत्कालीन अर्थमंत्री जॉन डिक्स यांनी आपल्या अधिकाऱ्याला पाठवलेली आज्ञा फार लोकप्रिय झाली होती. अमेरिकेचा ध्वज उतरविण्याचा प्रयत्न जो करील त्याला जागच्या जागी गोळी घाला, असा तिचा आशय. ती अनेक बिल्ल्यांवर आली आणि एका ठशात 'स्पॉट' या शब्दात कारागिराने एक 'ओ' जास्त घातला. तो चुकीचा 'स्पूट' बिल्ला आज संग्राहकांचा विशेष लाडका आहे.

सर्वांत गमतीचे ते 'नॉट वन सेंट' लिहिलेले बिल्ले. 'वन सेंट' ही अक्षरे ठळक आणि 'नॉट' इतके बारीक, की भिंग लावल्याशिवाय लक्षात येऊ नये. सरकारी नाण्याची नक्कल केल्याचा आरोप आला, तर 'हा सेंट नाहीच, तसे लिहिलेच आहे' असे म्हणायला पळवाट. 'आय ओ यू', म्हणजे 'मी तुमचे एक सेंट देणे लागतो', असे लिहिणारेही होते. कोण देणे लागतो, हे मात्र त्यावर नव्हते.

ही चतुराई निष्कारण नव्हती. तिकिटांना मान्यता देणाऱ्या जुलै 1862 च्या त्याच कायद्यात आणखी एक कलम होते. एक डॉलरहून कमी रकमेची, चलन म्हणून फिरवण्यासाठी काढलेली कोणतीही खासगी नोट, चिठ्ठी किंवा बिल्ला काढणे हा गुन्हा ठरला होता. शिक्षा पाचशे डॉलरपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. म्हणजे बहुतेक बिल्ले पाडले गेले तेच मुळी बंदीच्या काळात. सरकारने डोळेझाक केली असे म्हणावे लागते. युद्धात गुंतलेल्या प्रशासनाला पाववाल्यांच्या मागे शिपाई पाठवायला वेळ नव्हता आणि बिल्ले जप्त केले असते, तर त्यांच्या जागी द्यायला नाणीही नव्हती.

लष्कराच्या तळावर

शहरातला ग्राहक निदान दुसऱ्या दुकानात जाऊ शकत होता. सैनिकाला ती सोय नव्हती. प्रत्येक रेजिमेंटबरोबर 'सटलर' नावाचा अधिकृत व्यापारी असे. तंबाखू, बिस्किटे, डबाबंद पदार्थ, कागद-पाकिटे असा माल तो छावणीत विकी. आपल्याकडे फौजेबरोबर फिरणाऱ्या बुणग्या-बाजाराची आठवण यावी, असाच हा प्रकार. साध्या सैनिकाचा पगार महिना 13 डॉलर. तो दर दोन महिन्यांनी मिळावा असा नियम. प्रत्यक्षात चार-चार, सहा-सहा महिने थकत असे. मधल्या काळात सटलर उधारीवर स्वतःचे बिल्ले देई. पाच, दहा, पंचवीस, पन्नास सेंटांचे हे बिल्ले रेजिमेंटच्या नावासह कोरलेले असत आणि चालत ते फक्त त्याच सटलरच्या तंबूत. भाव तोच ठरवणार, बिल्ला तोच देणार, पगाराच्या दिवशी वसूल तोच करणार. रेजिमेंटची बदली झाली, सैनिक कामी आला किंवा सटलर निघून गेला, तर उरलेले बिल्ले म्हणजे नुसता पत्रा. इतिहासकार या बिल्ल्यांना शहरी बिल्ल्यांच्या पंक्तीत बसवतात. वास्तविक दोहोंत मोठे अंतर आहे. एकात सोय होती, दुसऱ्यात अडवणूक.

दक्षिणेकडील राज्यांत धातूचे बिल्ले जवळजवळ निघालेच नाहीत. तेथे तांबे युद्धसाहित्यासाठी हवे होते आणि ठसे कोरणाऱ्या कार्यशाळा मुख्यतः उत्तरेत होत्या. दक्षिणेने ही गरज काही सेंटांच्या कागदी नोटांवर भागविली आणि युद्ध हरल्यावर त्या नोटांची रद्दी झाली.

बिअरवाल्याचा हिसका

न्यूयॉर्कमध्ये गुस्टाव्हस लिंडेनम्युलर नावाचा एक मद्यालयमालक होता. त्याने 1863 मध्ये दहा लाखांहून अधिक बिल्ले पाडून घेतले, असे सांगितले जाते. एका बाजूला त्याचाच दाढीवाला चेहरा आणि दुसऱ्या बाजूला फेसाळलेला बिअरचा पेला. राजाच्या जागी दुकानदाराने स्वतःचे मुंडके छापावे, यातच काळाचा महिमा दिसतो. थर्ड ॲव्हेन्यू मार्गावरील ट्राम कंपनी हे बिल्ले भाड्यापोटी घेत असे. (ट्राम घोड्यांची, मुंबईत तशी ट्राम यायला 1874 साल उजाडायचे होते.) कंपनीकडे बिल्ल्यांचा ढीग साचला. तो घेऊन तिने लिंडेनम्युलरकडे रीतसर रक्कम मागितली. त्याने हसून नकार दिला. बिल्ल्यावर रक्कम देण्याचे वचन कोठेही नव्हते. कंपनीपाशी कायदेशीर इलाज नव्हता.

ट्राम कंपनीला हा तोटा सोसण्यासारखा होता. पण हेच एखाद्या फेरीवाल्याच्या किंवा शिवणकाम करणाऱ्या बाईच्या बाबतीत घडले असते, तर तिची आठवड्याची कमाई बुडाली असती आणि त्याची बातमीही झाली नसती. खासगी पैशाचे मर्म येथे आहे. तो चालतो तोवर सर्वांनाच सोयीचा असतो. परत करण्याची वेळ आली, की प्रश्न उभा राहतो तो काढणाऱ्याच्या नियतीचा आणि ऐपतीचा, आणि तो नेमका अशा माणसापुढे उभा राहतो ज्याच्या हातात बिल्ला शेवटी उरतो.

सरकारने बिल्ल्यांकडून घेतलेला धडा

टांकसाळीचे प्रमुख जेम्स पोलॉक यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना या बिल्ल्यांत एक उपयुक्त गोष्ट दिसली. सरकारी सेंट जाड, निकेलमुळे कठीण आणि पाडायला त्रासदायक. ठसे लवकर झिजत, निकेल मिळणेही अवघड. उलट खासगी बिल्ले पातळ आणि मऊ तांब्याचे, तरी लोक ते बिनतक्रार घेत होते. याचा अर्थ लहान नाण्यात धातूची किंमत किती आहे, याची लोकांना पर्वा नव्हती. निकेलच्या खाणीचे मालक जोसेफ व्हार्टन यांनी निकेल वगळण्यास कडवा विरोध केला. परंतु 22 एप्रिल 1864 च्या कायद्याने सेंट ब्राँझचा झाला. वजन 4.67 ग्रॅमवरून 3.11 ग्रॅमवर आले. त्याच कायद्याने दोन सेंटचे नवे नाणे निघाले आणि 'इन गॉड वुई ट्रस्ट' हे ब्रीद अमेरिकेच्या नाण्यावर प्रथम अवतरले ते याच नाण्यावर. दुकानदारांच्या बिल्ल्यांची नक्कल सरकारने केली, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

पुरेशी नाणी हाती येताच डोळेझाक संपली. 8 जून 1864 च्या कायद्याने चलन म्हणून वापरण्यासाठी धातूचे कोणतेही खासगी नाणे पाडणे किंवा चालवणे गुन्हा ठरला, मग त्याची रचना सरकारी नाण्याशी मिळतीजुळती असो वा पूर्णपणे स्वतंत्र. शिक्षा तीन हजार डॉलरपर्यंत दंड किंवा पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. बिल्ल्यांचा धंदा काही महिन्यांत आटोपला. चांदीची चिल्लर बाजारात परतायला मात्र 1870 चे दशक मध्यावर यावे लागले. तोवर सेंटांच्या कागदी नोटाच चालल्या.

तेथे टंचाई, येथे चांदीचा पूर

न्यूयॉर्कमध्ये चांदी दिसेनाशी झाली होती, त्याच वर्षांत मुंबईत चांदी उतू चालली होती. कारणही हेच युद्ध. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाल्याने लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना. त्यांनी हिंदुस्थानी कापसाकडे मोर्चा वळवला आणि त्याची किंमत मोठ्या प्रमाणावर चांदीत चुकती केली. वऱ्हाड-खानदेशच्या शेतकऱ्याने कधी न पाहिलेले भाव पाहिले. बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसविल्याच्या कथा त्या काळातल्याच. मुंबईत प्रेमचंद रायचंद यांच्या नावाशी जोडला गेलेला 'शेअर मेनिया' आला, बॅक बेची खाडी बुजविण्याच्या कंपनीचे शेअर आकाशाला भिडले, आणि एप्रिल 1865 मध्ये युद्ध संपताच सारा डोलारा कोसळला.

आपल्याकडे सुट्ट्या पैशांचा दुष्काळ आला तो दुसऱ्या महायुद्धात. जून 1940 मध्ये फ्रान्स पडले आणि लोकांनी चांदीचे रुपये दडविण्यास सुरुवात केली. सरकारने गरजेपेक्षा अधिक नाणी बाळगणे गुन्हा ठरविले, एक रुपयाची नोट पुन्हा काढली आणि रुपयातील चांदीचे प्रमाण बारा भागांत अकरावरून निम्म्यावर आणले. पुढे 1942-43 मध्ये आणे-पैशांचीही चणचण भासू लागली. महागाईने लहान व्यवहारांची रक्कम वाढली होती, फौजेचा खर्च बाजारात उतरत होता आणि तांब्याला युद्धाचा भाव होता. ढब्बू पैशाचे वजन 4.86 ग्रॅम. त्याच्या जागी 1943 मध्ये अवघ्या दोन ग्रॅमचा भोकाचा पैसा आला. मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळी कमी पडल्या म्हणून लाहोरला नवी टांकसाळ उघडली. काही नाणी दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाहून पाडून आणली गेली.

मोडीच्या जागी पोस्टाची तिकिटे, चिठ्ठ्या आणि कुपने हिंदुस्थानातही फिरली. बिकानेर, बुंदी, जुनागढ, नवानगर, मोरवी अशा संस्थानांनी पुठ्ठ्याची किंवा जाड कागदाची 'कॅश कूपन' काढली. त्यांवर पैसा, आणा अशा किमती होत्या. पुठ्ठाच का, तांबे का नाही? एक तर तांबे महाग होते. दुसरे असे, की ब्रिटिश हिंदुस्थानात धातूचे खासगी बिल्ले पैसे म्हणून पाडण्यास 1889 च्या मेटल टोकन्स ॲक्टने आधीच मनाई केली होती. व्यापाऱ्याने कागदी नोट काढावी, तर धारकाला मागताक्षणी रक्कम देण्याच्या वचनपत्रावर 1934 च्या रिझर्व्ह बँक कायद्याची बंदी. त्यामुळे सिनसिनाटीच्या पाववाल्याला जे जमले, ते भुलेश्वरच्या किराणा व्यापाऱ्याला उघडपणे करता येण्यासारखे नव्हते.

नाणी पाडणे हे फक्त सरकारचे काम, ही कल्पना आपल्याकडेही फार जुनी नाही. पेशवाईत टांकसाळी मक्त्याने सोनारांकडे दिल्या जात. नाणे खरे की खोटे, त्याला बट्टा किती, हे ठरविणे हा सराफाचा रोजचा धंदा होता. शिवराई तर शिवशाहीनंतर दोन शतके दख्खनच्या बाजारात चालत राहिली.

अमेरिकेचा 1864 चा कायदा आजही मेलेला नाही. 'लिबर्टी डॉलर' या नावाने स्वतःची चांदीची नाणी काढणाऱ्या बर्नार्ड फॉन नॉटहाउस यांना मार्च 2011 मध्ये ज्या कलमांखाली दोषी ठरविण्यात आले, त्यांत यादवी युद्धाच्या काळातले हे कलमही होते. योगायोग असा, की भारताने 1889 चा मेटल टोकन्स ॲक्ट रद्द केला तोही 2011 मध्येच. त्यातील मनाई मात्र गेली नाही. ती त्या वर्षीच्या नव्या नाणे कायद्यात तशीच उतरली.

अमेरिकेतील बिल्ल्यांची सूची जॉर्ज आणि मेल्विन फुल्ड या पितापुत्रांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तयार केली. संग्राहक आजही फुल्ड क्रमांकांनीच हे बिल्ले ओळखतात. लिंडेनम्युलरचा बिल्ला त्यांत सहज मिळणाऱ्यांपैकी आहे, कारण तो फार मोठ्या संख्येने पाडला गेला आणि परत घेतला गेला नाही. ट्राम कंपनीला ज्याचा एक सेंटही मिळाला नाही, त्याच बिल्ल्यासाठी संग्राहक आता कितीतरी डॉलर मोजतात.